जुळलेला हॅश नेमके काय सिद्ध करतो?

जप्त केलेल्या संगणकाची, मोबाइलची किंवा पेन ड्राइव्हची क्लोन प्रत काढताना तिच्यातील सगळ्या माहितीवरून गणिताने अंक-अक्षरांची एक ठरावीक लांबीची मालिका काढली जाते. तिला हॅश व्हॅल्यू म्हणतात. मूळ डिस्कचा आणि प्रतीचा हॅश सारखा आला, तर दोन्हींत एका बिटचाही फरक नाही असे धरायला हरकत नसते. एवढ्या साध्या आणि उपयुक्त गोष्टीवर अलीकडे फार मोठा दावा उभा केला जातो. हॅश जुळला, प्रमाणपत्र जोडले, प्रयोगशाळेचा अहवाल आला, की पुरावा निर्विवाद ठरला. साक्षीदार फितूर होतो, यंत्र फितूर होत नाही. सरकारी पक्ष हे न्यायालयात मांडतो आणि तपास अधिकारी पत्रकारांपुढे. हा दावा चुकीचा आहे, आणि ही चूक आरोपीला तुरुंगात वर्षानुवर्षे भोगावी लागते.

हॅशची हमी फार तर जप्तीच्या क्षणापासून पुढे सुरू होते. पंचनाम्याच्या वेळी डिस्कमध्ये जे होते तेच आज न्यायालयासमोर आहे, एवढेच तो सांगतो. ते तिथे कोणी ठेवले, कधी ठेवले, यंत्राच्या मालकाला त्याचा पत्ता होता का, यांपैकी एकाही प्रश्नाला तो स्पर्श करत नाही. खोटी फाइल जप्तीच्या आदल्या रात्री डिस्कवर टाकली गेली असेल, तर हॅश त्या खोट्या फाइलचेही तितक्याच चोखपणे रक्षण करतो. लखोट्याचे लाखेचे सील शाबूत असल्याने आतल्या पत्राचा मजकूर खरा ठरत नाही, तसेच हे आहे.

हॅशवर होणारी एक प्रचलित टीका मात्र इथे बाजूला ठेवली पाहिजे. एमडी-५ या पद्धतीत दोन वेगवेगळ्या फायलींचा हॅश एकच येऊ शकतो हे २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. एसएचए-१ बाबत तेच २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी करून दाखवले. बचाव पक्षाचे वकील कधी कधी याचा आधार घेतात. पण आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलचा हॅश घेऊन तोच हॅश येणारी दुसरी फाइल घडवणे व्यवहारात अजून कोणाला जमलेले नाही. गणित भक्कम आहे. खोट आहे ती त्या गणितावर लादलेल्या निष्कर्षात.

तुर्कस्तानातील बाल्योझ खटला याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. २००३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सरकार उलथवण्याचा कट रचला, असा आरोप होता आणि मुख्य पुरावा होता काही सीडींवरील दस्तऐवज. फायलींवरच्या नोंदींप्रमाणे त्या २००३ मध्ये शेवटच्या जतन झाल्या होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये तीनशेहून अधिक अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. मात्र त्या फायलींत मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ च्या खुणा होत्या. त्या आवृत्तीबरोबर लोकांपर्यंत पोहोचलेला कॅलिब्री हा टंक २००३ च्या म्हणवल्या जाणाऱ्या दस्तऐवजात हजर होता. काही मजकुरात तोवर स्थापनही न झालेल्या संस्थांची नावे होती. बचाव पक्ष हे खटला चालू असतानाच सांगत होता, तरीही शिक्षा झाल्या. जून २०१४ मध्ये तुर्कस्तानच्या घटनात्मक न्यायालयाने आरोपींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला आणि ३१ मार्च २०१५ रोजी फेरखटल्यात २३६ जण निर्दोष सुटले. त्या सीडींचा हॅश कितीही चोख जुळला असता तरी उपयोग नव्हता. तारखा बनावट होत्या, आणि तारीख ही फाइलच्या पोटातली माहिती असल्याने हॅश तिची खातरजमा करूच शकत नव्हता.

फाइलच्या तारखेवर न्यायालये जेवढा विश्वास टाकतात तेवढी तिची लायकी नाही. ती यंत्राच्या घड्याळावरून पडते आणि घड्याळ कोणालाही मागे-पुढे करता येते. फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे कॉपी केली की त्या प्रतीची निर्मितीची तारीख बदलते, आणि मग निर्मिती शेवटच्या दुरुस्तीनंतरची दिसते. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत एकाच फाइलच्या तारखांचे दोन संच असतात. पडद्यावर दिसणारा संच बदलणारी साधने सहज मिळतात. दुसरा बदलणे अवघड असते. म्हणून दोन्ही संच ताडून पाहणारा तज्ज्ञ लबाडी पकडू शकतो. पण ‘फाइल अमुक तारखेची आहे’ एवढेच लिहून थांबणाऱ्या अहवालात ही ताडणी झाली की नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही.

तुर्कस्तानातच ओडाटीव्ही या वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकारांना फेब्रुवारी २०११ मध्ये अटक झाली. पत्रकार बारिश पेहलिवान यांच्या संगणकात आक्षेपार्ह दस्तऐवज सापडले होते. त्यांनी १९ महिने तुरुंगात काढले. बोस्टनजवळच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिस्कची प्रत तपासली, तेव्हा जप्तीच्या आधीच्या काही रात्रींत कोणीतरी प्रत्यक्ष संगणकापर्यंत पोहोचून त्या फायली टाकल्याचा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

याच आर्सेनलचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते एल्गार परिषद प्रकरणात. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला, आणि १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी टाकलेल्या छाप्यांत दिल्लीत या प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त झाला. त्यातील पत्रे हा खटल्याचा कणा आहे. बचाव पक्षाने न्यायालयामार्फत मिळालेली क्लोन प्रत आर्सेनलकडे पाठवली. फेब्रुवारी २०२१ च्या अहवालानुसार, नेटवायर हे दुरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपमध्ये जून २०१६ मध्ये शिरले होते आणि हल्लेखोराचा ताबा जप्तीच्या दिवसापर्यंत, सुमारे २२ महिने टिकला. महत्त्वाची मानली गेलेली पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होती. ती त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण सापडली नाही. त्यांतील काही वर्डच्या अशा नव्या आवृत्तीने जतन झालेली होती की जी त्या लॅपटॉपवर नव्हतीच. याच प्रकरणातील आरोपी स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबतच्या डिसेंबर २०२२ च्या अहवालात तर जप्तीच्या आदल्या दिवशी, ११ जून २०१९ रोजी, हल्लेखोराने आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केल्याचे म्हटले आहे. हा अहवाल आला तेव्हा स्वामी हयात नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच त्यांचा मुंबईत मृत्यू झाला होता.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. खासगी संस्थेचा अहवाल दोषारोपपत्राचा भाग नाही आणि वादग्रस्त वस्तुस्थितीचा निवाडा खटल्यातच व्हावा, अशी तिची भूमिका आहे. खटल्यात निवाडा व्हावा हे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. आर्सेनलच्या तज्ज्ञांची उलटतपासणी झालेली नाही, आणि तीही झाली पाहिजे. पण या भूमिकेमुळे मूळ प्रश्न सुटत नाही. फाइल डिस्कवर कशी आली, या प्रश्नाचे उत्तर आधी सरकारी पक्षाने द्यायचे असते. ते उत्तर परदेशातील एका खासगी संस्थेकडून मिळवण्याची वेळ आरोपीवर यावी, हेच तपासाचे अपयश आहे. रोना विल्सन आणि सहआरोपी सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, तेव्हा त्यांच्या अटकेला साडेसहा वर्षे होऊन गेली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. निवाडा खटल्यात होईल असे सांगायचे आणि खटलाच उभा राहू द्यायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कच्चा पुरावाही शिक्षेचे काम करतो.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचा विचार बहुतांशी प्रमाणपत्राच्या अंगाने केला आहे. भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ६५-ब हा जुना आधार. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले. प्रमाणपत्र सक्तीचे आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयात २००५, २०१४ आणि २०१८ मध्ये वेगवेगळे निर्णय झाले. वादाचा शेवट जालन्याच्या निवडणुकीवरून झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले होते. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्णय दिला.

निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर कनिष्ठ न्यायालयांतील वाद बहुतेक वेळा एवढ्यापुरताच उरतो: प्रमाणपत्र आहे की नाही, योग्य व्यक्तीची सही आहे की नाही, वेळेत दाखल झाले की नाही. पुरावा ग्राह्य असणे वेगळे आणि विश्वासार्ह असणे वेगळे. प्रमाणपत्र पहिल्या पायरीचे आहे, आणि ते मिळताच दुसरी पायरीही चढली गेली असे समजले जाते. नव्या कायद्याने प्रमाणपत्राचे दोन भाग केले, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही मागितली आणि हॅशसाठी रकाने दिले. ही सुधारणा आहे. तरी ‘संगणक व्यवस्थित चालू होता’ हे विधान छापील नमुन्यातच असते. मोबाइल कंपनीचा नोडल अधिकारी कॉलच्या तपशिलासोबत (सीडीआर) ते सही करून पाठवतो. कंपनीच्या असंख्य टॉवरांची आणि सर्व्हरांची त्या काळातील स्थिती त्याने स्वतः तपासलेली असणे शक्यच नसते.

यंत्र बरोबर चालत होते असे गृहीत धरल्याने काय होते, ते ब्रिटनने पाहिले. तिथे १९८४ च्या कायद्यातील कलम ६९ नुसार संगणक व्यवस्थित चालू असल्याचे सिद्ध करावे लागे. ते कलम १९९९ च्या कायद्याने रद्द झाले आणि विरुद्ध काही दिसत नसेल तर संगणक बरोबर आहे असे धरण्याची रीत उरली. त्याच सुमारास टपाल कार्यालयांत फुजित्सूची होरायझन ही हिशेबप्रणाली बसवली गेली. प्रणाली तूट दाखवत गेली आणि उप-टपालपालांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, काहींनी आत्महत्या केल्या. प्रणालीत दोष होते हे २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या निकालाने उघड झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. बहुतेक आरोपी एकेकटे लढत होते आणि प्रणालीच्या आतल्या नोंदी त्यांच्या हाती नव्हत्या. यंत्र चुकले हे दाखवण्याचा बोजा ज्याच्याकडे यंत्रच नाही त्याच्यावर टाकला गेला होता.

डेन्मार्कमधील चूक त्याहून साधी होती. मोबाइल कंपन्यांकडून आलेला कच्चा तपशील पोलिसांना वाचता येईल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर काही नोंदी गाळत होते; काही फोन भलत्याच टॉवरशी जोडलेले दिसत होते. २०१९ मध्ये हे लक्षात आल्यावर तेथील सरकारी अभियोग विभागाने असा पुरावा वापरणे दोन महिने थांबवले आणि २०१२ पासूनच्या सुमारे १०,७०० प्रकरणांची फेरतपासणी हाती घेतली. भारतात ‘टॉवर लोकेशन’ हा शब्द दोषारोपपत्रात जितक्या खात्रीने लिहिला जातो, तितकी खात्री त्या नोंदीत नसते. फोन नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडला जातो असे नाही. भार, अडथळे, उंची यांवर ते ठरते. खेड्यात एका टॉवरची कक्षा कित्येक किलोमीटरची असते. आरोपी त्या परिसरात असू शकतो, एवढे ती नोंद सांगते. तो घटनास्थळी होता हे ती सांगत नाही.

तपासणीची साधने चाचणी झालेली असतात, तेव्हा त्यांचा अहवाल मानावाच लागेल, असाही युक्तिवाद होतो. फ्लोरिडात केसी अँथनी या महिलेवर मुलीच्या खुनाचा खटला चालला, त्यात २०११ मध्ये सरकारी पक्षाने सांगितले की घरच्या संगणकावर ‘क्लोरोफॉर्म’विषयीचे एक पान ८४ वेळा उघडले गेले. आकडा सॉफ्टवेअरने दिला होता. नंतर ते सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यानेच चूक कबूल केली: पान एकदाच उघडले होते. सेलेब्राइट या इस्रायली कंपनीची साधने जगभर पोलीस फोन तपासण्यासाठी वापरतात. फोनमध्ये खास घडवलेली एक फाइल ठेवली तर त्या साधनाचे अहवाल बदलता येतात, असे सिग्नल या संदेशसेवेचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी एप्रिल २०२१ मध्ये जाहीरपणे मांडले. साधन चांगले असले तरी त्याची कोणती आवृत्ती वापरली आणि दुसऱ्या साधनाने तोच निष्कर्ष येतो का, हे अहवालात असलेच पाहिजे.

मोबाइलच्या बाबतीत तर हॅशचा आधारच पातळ होतो. चालू फोनमधून माहिती काढली जात असताना फोन स्वतः नव्या नोंदी करतच राहतो. एकाच फोनमधून लागोपाठ दोनदा माहिती काढली तर दोन हॅश वेगळे येतात. अहवालातला हॅश फोनचा नसतो, काढलेल्या फाइलचा असतो. लॅपटॉपमधील नव्या एसएसडी डिस्कही वीज मिळाली की मोकळी झालेली जागा आपणहून साफ करतात आणि डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारे राइट ब्लॉकर हे साधन लावूनही हे थांबत नाही. शिवाय व्हॉट्सॲपच्या गटात आलेले चित्र कोणी न उघडताही फोनच्या गॅलरीत जतन होते. फोनमध्ये सापडले म्हणजे मालकाने मिळवले आणि पाहिले, हा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही नेहमीची गोष्टही तपासली गेली पाहिजे.

यंत्र बाजूला ठेवले तरी अहवाल माणूस लिहितो. नीना सुंडे आणि इतिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ डिजिटल तपासनीसांना एकाच डिस्कची प्रत दिली होती. प्रकरणाची पार्श्वभूमी मात्र वेगवेगळी सांगितली होती: कोणाला संशयित दोषी वाटावा अशी, कोणाला निर्दोष वाटावा अशी. सापडलेल्या खुणांची संख्या त्या पार्श्वभूमीप्रमाणे बदलली. अधिक गंभीर गोष्ट अशी की एकच पार्श्वभूमी मिळालेल्या तपासनीसांचेही आपसात जुळले नाही. भारतात तपास अधिकारी मुद्देमालासोबत प्रयोगशाळेला प्रश्नांची यादी पाठवतो आणि प्रयोगशाळा त्या प्रश्नांची उत्तरे देते. ‘अमुक शब्द असलेल्या फायली आहेत का’ असे विचारले, तर उत्तर ‘आहेत’ असे येते. त्या कशा आल्या हे कोणी विचारलेलेच नसते.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाने घेता येतो. २०२२ च्या तिच्या आढाव्याने डिजिटल तपासणीचा पाया संगणकशास्त्रात भक्कम असल्याचे म्हटले. ते खरे आहे, आणि इथल्या मांडणीशी त्याचा विरोध नाही. पुसलेली फाइल परत मिळवणे, प्रत काढणे, नोंदी वाचणे ही तंत्रे चालतात. त्याच तंत्रांनी तर बाल्योझचा बनाव उघडा पडला. तंत्र विश्वासार्ह असल्याने ते अर्धवट वापरून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: अशा शंका मान्य केल्या तर प्रत्येक गुन्हेगार ‘व्हायरसने केले’ म्हणून सुटेल. त्यासाठी ब्रिटनमधील २००३ चा खटला दाखवला जातो. संगणकावर ट्रोजन या छुप्या मालवेअरची खूण सापडली नसतानाही आरोपी त्याच बचावावर सुटला होता. भीती निराधार नाही, पण तिच्यावरचा इलाज संपूर्ण तपासणी हाच आहे. मालवेअरचा शोध सुरुवातीलाच घेऊन त्याचा निकाल लिहून ठेवला, तर पोकळ बचाव उलटतपासणीत टिकत नाही. अर्धवट तपासणीने सरकारी पक्षाचेही नुकसान होते. केसी अँथनी खटल्यात पोलिसांनी एकाच ब्राउझरचा इतिहास तपासला. फायरफॉक्समध्ये, मुलगी शेवटची दिसली त्याच दिवशी, जीव गुदमरवण्याबद्दल झालेला शोध त्यांच्या नजरेतून सुटला. हे खटला संपल्यावर, २०१२ मध्ये उघड झाले. तोवर आरोपी खुनाच्या आरोपातून सुटली होती.

म्हणून न्यायालयांनी डिजिटल पुराव्याकडून काही ठोस गोष्टी मागितल्या पाहिजेत. हॅश पंचांसमोर, जप्तीच्या जागीच काढून पंचनाम्यात लिहिला जावा. यंत्र पोलीस ठाण्यात अनेक दिवस पडून राहिल्यावर काढलेल्या हॅशला अर्थ नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, तेव्हा हे आता अवघडही नाही. प्रयोगशाळेने मालवेअर शोधले का, फाइल उघडली गेल्याच्या खुणा आहेत का, तारखांचे दोन्ही संच जुळतात का, हे कोणी विचारो वा न विचारो, प्रत्येक अहवालात यावे. आणि पूर्ण क्लोन प्रत आरोपीला दोषारोपपत्राबरोबरच मिळावी. मेमरी कार्डमधील मजकूर हा दस्तऐवज आहे आणि पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न नसेल तर त्याची प्रत मिळणे हा आरोपीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या पी. गोपालकृष्णन प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्येच सांगितले आहे.

प्रत हाती आली तरी ती वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि त्याचे शुल्क बहुतेक आरोपींच्या आवाक्याबाहेरचे असते. एल्गार प्रकरणातील आरोपींच्या मागे देशविदेशातील लोक उभे राहिले म्हणून त्या डिस्कची दुसऱ्यांदा तपासणी तरी झाली. व्हॉट्सॲपवरील एका चित्रासाठी किंवा टॉवरच्या एका नोंदीसाठी तुरुंगात बसलेल्या शेतमजुराच्या फोनची दुसरी तपासणी कोणी करत नाही. ऐपत नसलेल्या आरोपीला राज्याच्या खर्चाने वकील द्यायचा हे भारतीय कायद्याने मान्य केले आहे. खटला फोनवर किंवा लॅपटॉपवर उभा असेल तर त्याच खर्चातून स्वतंत्र डिजिटल तज्ज्ञही दिला पाहिजे, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी अशा तज्ज्ञांची नामिका तयार करायला आता सुरुवात करावी.